पगार १८,०००, हातात १५,८४०: यात आयकर किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूरकडून आलेल्या, बी.कॉम. झालेल्या एका तरुणाला डिसेंबरपासून चाकणच्या एका गोदामात कंत्राटदारामार्फत नोकरी लागली. पगार १८,००० ठरला, खात्यात आले १५,८४०. एचआरला विचारलं तर उत्तर मिळालं, "टॅक्स वगैरे कापून एवढाच येतो." बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही असं सगळीकडे ऐकतो, मग वर्षाच्या २,१६,००० वर कसला टॅक्स? ओळखीचे एक एजंट म्हणतात, पॉलिसी काढ म्हणजे कपात थांबेल, ते खरं का? आणि खोलीवरच्या मित्राला २०,००० ठरलेत, त्याच्या हातात सरळ १८,००० येतात. त्याची नोकरी जास्त बरी का?

तुमच्या पगारातून आयकराचा एक रुपयाही कापलेला नाही. "टॅक्स वगैरे" या दोन शब्दांत एचआरने चार वेगवेगळ्या गोष्टी गुंडाळल्या. त्यातली एकच कर आहे, आणि तीही केंद्राचा आयकर नव्हे. तुम्ही पाठवलेल्या स्लिपवर मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १५,०००, घरभाडे भत्ता ३,०००, आणि कपातीच्या रकान्यात पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १,८००, ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा) १३५, पीटी २००, एलडब्ल्यूएफ २५ असे आकडे आहेत. बेरीज २,१६०. यात टीडीएस हा शब्द नाही, आणि पगारातून आयकर कापला तर तो टीडीएस किंवा इन्कम टॅक्स याच नावाने दिसतो.

आधी आयकराचं पाहू. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर शून्य आहे. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के लागतो, पण करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर सवलत मिळून तोही शून्य होतो. पगारदाराला ७५,००० ची प्रमाणित वजावट आधीच मिळते, म्हणून १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर येत नाही. महिन्याला १,०६,२५० झाले. तुम्ही तर पहिल्याच पायरीच्या, म्हणजे ४ लाखांच्या, कितीतरी खाली आहात. जुनी प्रणाली घेतली तरी तिथे २.५ लाखांपर्यंत कर नाही, आणि ५०,००० ची वजावट जाऊन तुमचं उत्पन्न १,६६,००० उरतं. कुठल्याही बाजूने मोजा, उत्तर शून्यच. त्यात यंदा तुमचे चारच महिने भरणार, डिसेंबर ते मार्च, म्हणजे ७२,०००. मालकाने टीडीएस कापायचा असतो तो वर्षभराच्या अंदाजी करावर. अंदाजी कर शून्य, तर टीडीएसही शून्य.

आता २०० रुपये. हा व्यवसाय कर, राज्य सरकारचा, १९७५ च्या महाराष्ट्राच्या कायद्याप्रमाणे. महिना ७,५०० पर्यंत काही नाही, ७,५०१ ते १०,००० ला १७५ आणि त्याच्या वर २०० रुपये. फेब्रुवारीत मात्र ३०० कापले जातात, कारण वर्षाची बेरीज २,५०० व्हायला हवी. राज्यघटनेने या कराला वर्षाला २,५०० चीच मर्यादा घातली आहे. फेब्रुवारीचा पगार शंभराने कमी आला तर भांडायला जाऊ नका, ते बरोबर आहे. तुमच्या शेजारच्या टेबलावर तेवढ्याच पगाराची मुलगी काम करत असेल तर तिच्या स्लिपवर हे २०० रुपये नसायला हवेत. एप्रिल २०२३ पासून महाराष्ट्रात स्त्रियांना २५,००० पर्यंतच्या पगारावर व्यवसाय कर माफ आहे. तरी जुनी सॉफ्टवेअर वापरणाऱ्या लहान कंत्राटदारांकडे तो अजून कापलेला मी पाहतो. दरमहा २०० रुपये १५,००० च्या पगारात लहान रक्कम नाही, तिला आवर्जून सांगा.

२५ रुपये कामगार कल्याण निधीचे. ते वर्षातून दोनदाच, जून आणि डिसेंबरच्या पगारातून जातात आणि मालक वरून ७५ भरतो. जानेवारीपासून तुमच्या हातात १५,८६५ येतील.

सगळ्यात मोठा आकडा पीएफचा, आणि इथे जरा थांबायला हवं, कारण नव्या मुलांना याच कपातीचा सगळ्यात जास्त राग येतो. हे १,८०० कुठे गेलेले नाहीत, तुमच्याच नावावर आहेत. १५,००० च्या १२ टक्के तुमचे, आणि तेवढेच १,८०० मालकाने स्वतःच्या खिशातून घालायचे. मालकाच्या हिश्श्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात आणि ५५० तुमच्या पीएफ खात्यात. म्हणजे खात्यात दरमहा २,३५० जमतात, त्यावर व्याज. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. शिवाय मालक एका विम्याचा हप्ता भरतो. नोकरीत असताना सदस्याचं काही बरंवाईट झालं तर वारसाला त्यातून कमाल ७ लाखांपर्यंत रक्कम मिळते. ती मिळताना अडचण नको म्हणून वारसाचं नाव ऑनलाइन नोंदवून ठेवायचं. हे काम आजच रात्री करा, आईचं किंवा वडिलांचं नाव घाला.

"मला पीएफ नको, पैसे हातात द्या" असं पुष्कळ जण म्हणतात. मूळ वेतन १५,००० पर्यंत असेल तर ती मुभाच नाही, तिथे पीएफ सक्तीचा आहे. १५,००० च्या वर पहिली नोकरी असणाऱ्याला बाहेर राहता येतं, पण कमी पगारात बचतीची दुसरी सोय नसताना मी कुणाला तसा सल्ला देणार नाही.

पैसे कापले म्हणजे भरले असं मात्र धरून चालू नका. कंत्राटी कामात खरी गडबड इथे होते. कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भविष्य निधी कार्यालयात जमा व्हायला हवी. जानेवारीच्या २० तारखेनंतर सरकारच्या उमंग ॲपवर यूएएन (तुमचा कायमचा पीएफ क्रमांक) टाकून पासबुक उघडा, डिसेंबरची नोंद दिसली पाहिजे. यूएएन मिळाला नसेल तर कंत्राटदाराकडे मागा, तो लपवून ठेवण्याचं काही कारण नाही. दोन महिने नोंद आली नाही तर कंत्राटदाराला लेखी विचारा, मोबाइलवरचा संदेशही चालेल, आणि सोबत गोदाम ज्या कंपनीचं आहे त्या मूळ कंपनीच्या एचआरलाही कळवा. कंत्राटदाराने पीएफ भरला नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्यांच्याकडून एक फोन गेला की बऱ्याचदा आठवड्यात पैसे भरले जातात. तरी हललं नाही तर भविष्य निधी संघटनेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते, त्याला वकील लागत नाही.

नोकरी सोडताना पीएफ काढून मोकळं होण्याची घाई करू नका. नव्या नोकरीत तोच यूएएन द्या आणि जुनी रक्कम तिकडे वळवा. पाच वर्षं सलग सेवा होण्याआधी काढलेला पीएफ करपात्र धरला जातो, आणि रक्कम ५०,००० च्या पुढे असेल तर १० टक्के टीडीएस कापून हातात येते.

नावाची एक बारीक पण फार छळणारी गोष्ट. आपल्याकडे दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर क्रम उलटा, पॅनवर वडिलांचं नाव कधी असतं कधी नसतं, आणि कंत्राटदाराच्या मुलाने घाईत मार्कशीट बघून टाइप केलेलं असतं. हे तीन ठिकाणी तीन तऱ्हेचं राहिलं की पीएफ अडकतो, आयकराचा परतावाही अडकतो. नोकरीच्या पहिल्या महिन्यात दुरुस्ती सोपी असते, कारण मालक समोर असतो. चार वर्षांनी तोच कंत्राटदार धंदा बंद करून गेलेला असतो आणि तुम्ही शपथपत्रं घेऊन हेलपाटे घालता. आधारप्रमाणे नाव आणि जन्मतारीख सगळीकडे अक्षरशः सारखी करून घ्या.

ईएसआयसीचे १३५ रुपये म्हणजे १८,००० च्या पाऊण टक्का. मालक यात सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५ घालतो. पगार २१,००० पर्यंत आहे तोवर ही योजना लागू राहते. इतक्या थोड्या पैशांत बाजारात कुठलाही विमा तुम्हाला हे देणार नाही: तुमचे आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाचे औषधोपचार, कामावर अपघात झाला तर घरी बसलेल्या दिवसांच्या पगाराच्या ९० टक्के भरपाई, आणि ठरावीक दिवस वर्गणी भरली गेली असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन. अपघाताच्या भरपाईला वर्गणीच्या दिवसांची अट नाही, नोंदणी झाल्या दिवसापासून ती लागू असते. घरून कामावर जातायेता वाटेत झालेला अपघातही यात बसतो. चाकण रस्त्यावरून रात्रपाळीला दुचाकीवर जाणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दवाखाने गर्दीचे असतात, रांगा लागतात, हे मला माहीत आहे. तरी मोठं ऑपरेशन किंवा लांबलेलं आजारपण आलं की कर्ज काढण्यापासून हेच कार्ड वाचवतं. विमा क्रमांक घ्या, ई-पहचान कार्ड छापून घ्या, त्यावर आई-वडिलांची नावं आणि फोटो आहेत का पाहा. कुटुंब गावाकडे राहत असेल तर त्यांच्यासाठी वेगळा दवाखाना नोंदवता येतो. कार्ड पाकिटात हवं. अपघाताच्या दिवशी कंत्राटदाराचा फोन लागेलच असं नाही.

तुमच्या नेमणूकपत्रावर बहुधा सीटीसी म्हणून २०,५०० च्या आसपास आकडा असेल. तो फुगवलेला नाही. १८,००० अधिक मालकाचा पीएफ १,८००, विम्याचे आणि प्रशासनाचे १५०, ईएसआयसी ५८५, एकूण २०,५३५. मालकाला तुमच्यावर तेवढा खर्च येतो. तपासायचं एवढंच, की मालकाचा हिस्सा १८,००० च्या बाहेरून गेला पाहिजे. स्लिपवर पीएफ दोनदा, १,८०० आणि पुन्हा १,८००, असा तुमच्याच कपातीत दिसला तर ते बेकायदा आहे. मालकाने आपला वाटा कामगाराच्या वेतनातून वसूल करायचा नाही, हे पीएफच्या आणि ईएसआयसीच्या दोन्ही कायद्यांत स्पष्ट आहे.

गणवेश, ओळखपत्र, "ट्रेनिंग फी", "डिपॉझिट", भरती करून देणाऱ्याचं कमिशन अशा ओळी पुढच्या महिन्यात उगवल्या तर प्रत्येक ओळीचं कारण लेखी मागा. वेतनातून कपात कायद्याने दिलेल्या कारणांसाठीच करता येते आणि सगळी कपात मिळून वेतनाच्या निम्म्यावर जाता येत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली आहे, तिच्यातही हेच आहे. नोकरी सुटली तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा, असंही तिथे आहे.

आता ते ओळखीचे एजंट. तुमच्या स्लिपवरच्या चारही कपातींपैकी एकही कपात पॉलिसी काढल्याने कमी होत नाही. पीएफ, ईएसआयसी, व्यवसाय कर आणि कल्याण निधी यांचा तुमच्या गुंतवणुकीशी संबंध नाही. आयकर शून्य आहे, शून्यातून काय वाचवणार? त्यातून नव्या करप्रणालीत विम्याच्या हप्त्यावर पूर्वीसारखी वजावटच मिळत नाही. जानेवारी ते मार्च हा अशा पॉलिस्या गळ्यात मारण्याचा हंगाम असतो, आणि पहिल्या नोकरीतली मुलं त्यांना हमखास सापडतात. वर्षाला २५,००० हप्त्याची, वीस वर्षं भरायची पॉलिसी १५,८६५ हातात येणाऱ्या माणसाने घेतली तर ती दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बंद पडते, आणि भरलेल्यातलं फार थोडं परत मिळतं. मला याची मनापासून चीड आहे. घर तुमच्यावर चालत असेल तर साधा मुदतीचा (टर्म) विमा घ्या, त्याचा हप्ता तुमच्या वयात झेपेल असा असतो. नाहीतर बँकेत तीन महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे साठेपर्यंत काहीही घेऊ नका. नात्यातल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, तरी म्हणा.

आयकर रिटर्नचं सांगायचं तर यंदा तुम्हाला बंधन नाही, कारण उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या आत आहे आणि टीडीएसही नाही. पगार वाढत महिना ३९,५८३ च्या पुढे गेला की कर शून्य असला तरी रिटर्न भरावं लागेल. पुष्कळांची गल्लत इथे होते: सवलतीने कर माफ होतो, रिटर्न भरणं माफ होत नाही. पुढे दुचाकीचं किंवा घराचं कर्ज घ्यायचा विचार असेल तर आत्तापासून स्वेच्छेने भरलेलंही चांगलं, बँका रिटर्न मागतात. पगारदारांसाठीची नेहमीची मुदत ३१ जुलै. आणि वर्षाच्या मध्ये नोकरी बदलली तर आधीच्या पगाराचा आकडा नव्या मालकाला द्यायची सवय लावून घ्या. आज काही फरक पडणार नाही, पगार वाढल्यावर पडेल.

तुमच्या मित्राकडे आता येतो, कारण मला काळजी त्याची वाटते. २०,००० ठरलेले, १८,००० येतात, स्लिप नाही, पीएफ नाही. बरोबर १० टक्के गेले. पगारावरचा टीडीएस असा सपाट १० टक्के कधीच नसतो, आणि २,४०,००० च्या वार्षिक पगारावर तर तो शून्यच असायला हवा. हे १० टक्के व्यावसायिक शुल्कावरच्या टीडीएसचे आहेत. वर्षाला ५०,००० च्या वर असं शुल्क दिलं की कापायचा, असा तो नियम आहे. म्हणजे कंपनीच्या कागदावर तुमचा मित्र कर्मचारीच नाही, "कन्सल्टंट" आहे. रोज ठरलेल्या वेळी येतो, साहेब सांगेल ते करतो, रजा मागून घेतो, आणि कागदावर मात्र बाहेरचा माणूस. कंत्राटी काम म्हणून दाखवलं असतं तर १ टक्का गेला असता, तिथेही अर्थ हाच.

त्याच्या हातात तुमच्यापेक्षा २,००० जास्त दिसतात, ते खरं आहे. पण तुमच्या १५,८६५ शिवाय दर महिन्याला पीएफ आणि पेन्शन मिळून ३,६०० तुमच्या नावावर जमा होतात, ती बेरीज १९,४६५ होते, वर कुटुंबाचा दवाखाना आणि अपघाताचं संरक्षण. त्याचा टीडीएस पूर्ण परत आला तरी २०,००० आणि बाकी काही नाही. रस्त्यात पाय मोडला तर तीन महिने घरी बसून त्याला एक पैसा मिळणार नाही. त्याने आपलं नेमणूकपत्र काढून वाचावं. त्यात सेवा करार, शुल्क, बिल असे शब्द असतील तर कंपनीशी एकदा शांतपणे बोलावं, की मला पगारपत्रकावर घ्या. नाही म्हणाले तरी निदान त्याला कळलेलं असेल की त्याचे २०,००० हे तुमच्या १८,००० पेक्षा मोठे नाहीत, आणि पुढची नोकरी शोधताना तो हा प्रश्न आधी विचारेल.

कापलेले पैसे मात्र त्याला परत मिळतील. वर्षभर कापले तर २४,००० होतात. त्याने आधी पॅन आधारशी जोडलेलं आहे ना, आणि कंपनीला तोच पॅन दिला आहे ना, हे पाहावं. पॅन नसेल किंवा निष्क्रिय असेल तर १० ऐवजी २० टक्के जातात. आयकराच्या पोर्टलवर लॉगिन करून २६एएस उघडलं की कंपनीने त्याच्या नावाने किती भरले ते तिमाहीप्रमाणे दिसतं. १५जी फॉर्म भरून दिला की कपात थांबते असं कुणीतरी त्याला सांगेल, तो फॉर्म बँकेच्या व्याजासारख्या गोष्टींसाठी आहे, या शुल्काला तो चालत नाही.

शेवटच्या तिमाहीच्या नोंदी जूनमध्ये येतात, म्हणून रिटर्न एप्रिलमध्ये घाईने भरू नये, पण मुदतही चुकवू नये. पगारदारांचा आयटीआर-१ त्याला चालणार नाही, कारण त्याचं उत्पन्न पगार म्हणून नोंदलेलंच नाही. कामाच्या स्वरूपाप्रमाणे आयटीआर-४ किंवा आयटीआर-३ लागेल, आणि पहिल्या वर्षी एखाद्या कर सल्लागाराकडून ते भरून घेणं शहाणपणाचं. फी आधी ठरवावी, परताव्याच्या टक्क्यांवर फी मागणाऱ्याकडे जाऊ नये. रिटर्न भरल्यावर ३० दिवसांच्या आत आधार ओटीपीने पडताळणी करायची, नाहीतर ते भरलंच नाही असं धरतात. आणि बँक खातं पोर्टलवर आधीच प्रमाणित करून ठेवायचं, परतावा फक्त अशाच खात्यात जमा होतो.